अर्ध्यावरचं पुस्तक

“केशर, भाकर मागनं खा, आधी एवढं पान ऐक,” गहिनीनाथ बायकोला म्हणायचा. दुष्काळी कामावर दुपारच्या सुट्टीत तो पुस्तक वाचायचा, अन् त्याची आई लंकाबाईही कान देऊन ऐकायची. तो गेला आणि पुस्तक अर्ध्यावर राहिलं. लंकाबाईला अक्षर येत नव्हतं. सुनेला यायचं, पण ती रोज म्हणे, “वेळ कुठंय, आत्याबाई? खडी कोन फोडंल?”

आज लंकाबाईनं सुनेच्या वाटणीची खडीही फोडून ठेवली. “आता सांग वेळ न्हाई म्हनून. वाच, माझ्या लेकानं सोडलंय तिथून.”

केशरनं पुस्तक उघडलं, मिटलं. “वेळ हुता, आत्याबाई. पर ह्यात अजून त्यांचाच आवाज हाय. मी वाचाय लागले, की तो माझा व्हईल.”