अभ्यासदौरा

वर्ल्डकपची स्टेडियमं बांधणाऱ्या दोह्याच्या ऑफिसातून चार इंजिनिअर ब्राझीलला अभ्यासदौऱ्यावर गेले होते; गार्गीचा नवरा कुणाल त्यांतलाच एक. गार्गी सकाळी बाळाला पेज भरवत होती, तेवढ्यात त्यांतल्याच धवलच्या बायकोने, नुपूरने एक व्हिडिओ पाठवला. रिओतला बायकांच्या नाचाचा क्लब. त्यात पिवळ्या जर्सी घालून, पिसांचे मुखवटे लावून चौघे अगदी तिथलेच असल्यासारखे उभे.

"आमच्या धवलने चुकून फॅमिली ग्रुपवर टाकला! यातला तुझा कोणता?"

"आमचा नसेल गं. स्वतःच्या वरातीत नाचला नाही तो. मंडळाच्या नाटकात तेवढा स्टेजवर चढतो."

इतक्यात जेमतेम कपड्यांतल्या एका बाईने एका मुखवटेवाल्याला हात धरून स्टेजकडे ओढलं. गडी पायरीशी थबकला. बूट काढून जोडीने नीट ठेवले. मंडळाच्या नाटकात एंट्रीआधी करतात तसा वाकून स्टेजला हात लावला, कपाळाला टेकवला आणि मगच कंबर हलवायला लागला.

गार्गीच्या हातातला चमचा बाळाच्या नाकाला लागला.

दुपारी कुणालचा फोन आला. "काल काय दमलो गं! नऊलाच झोपलो."

"बरं केलंस," गार्गी म्हणाली. "निघताना पायरीपाशी काढलेले बूट आठवणीने घातलेस ना?"