वाघोबाची जागा

घरातल्या सुनेला वाघाच्या गोष्टीची चित्रं काढायची होती. तिचं पहिलंच पुस्तक. आनंदाने पाय जमिनीवर ठरत नव्हते. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात झारा. घरात मोठं टेबल एकच, तेही जेवणाचं. त्यावर चित्रं वाळत पडायची आणि सगळं घर ताटं घेऊन खाली बसायचं. गुडघे धरून बसताना सासरे रोज कुरकुरायचे, "वाघोबा वर आणि माणसं खाली!" ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटचं चित्र छापायला गेलं, तशी तिने टेबल पुसून लख्ख केलं, ताटं मांडली. प्रकाशकबाईंनी दुसरं पुस्तक देऊ केलं होतं. जेवणं झाली की त्यांना नाही म्हणून कळवायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

"बाबा, या. तुमचं टेबल मोकळं झालं."

सासऱ्यांनी आपलं ताट उचललं, आणि ते गुडघे धरत नेहमीच्या जागी खाली बसले.

"अहो बाबा, आता का खाली?"

"असू दे गं. पुढचं पुस्तक आलं की पुन्हा इथेच बसायचंय ना? एवढ्या मुश्किलीने गुडघ्यांना सवय लागलीय, ती कशाला मोडू?"