जिवंत आहेस ना?

कंपनी दोघा सख्ख्या भावांची. थोरल्याकडे स्टोरेज, धाकट्याकडे नेटवर्क, मध्ये काचेची भिंत आणि निरोप पोचवायला मी. पगार मात्र इंजिनियरचा!

नवा डेटाबेस दोन सर्व्हरवर चालणार होता, डिस्क दोघांत सामाईक. थोरल्या साहेबांनी डिस्क कधीच बसवून घेतल्या होत्या. घोडं अडलं होतं धाकट्यांच्या वायरीपाशी.

"दोघांमध्ये ही वेगळी वायर हवीच कशाला?" थोरले करवादले.

"साहेब, त्या वायरवरून दोन्ही सर्व्हर सारखे एकमेकांना विचारत असतात, जिवंत आहेस ना? उत्तर आलं नाही, की हा धरून चालतो, तो मेला. आणि सगळ्या डिस्क स्वतःच्या ताब्यात घ्यायला धावतो."

"आणि तो जिवंत असला तर?"

"तर दोघंही एकाच जागी लिहीत सुटतात. सगळ्या डेटाचा विचका."

"कसली बिनडोक यंत्रं!" साहेब खो खो हसले. मग काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "सांग त्याला, नाटकं पुरे झाली. मुकाट्याने वायर टाक म्हणावं."

"साहेब, ते सोमवारपासून आयसीयूत आहेत. अख्ख्या ऑफिसला माहीत आहे."

साहेबांचं हसू थांबलं. मला वाटलं, आता तरी विचारतील, कसा आहे म्हणून.

"त्याच्या केबिनची किल्ली आण इकडे," ते म्हणाले. "आजपासून नेटवर्कही मीच बघतो."