पाण्याखालचं लेकरू

जालन्याच्या थेटरात दुर्गाबाई भर पिक्चरमध्ये उभी राहिली आणि पडद्याकडे हात करून ओरडली, "आवो, ते राह्यलं की तिथंच! घ्या ना त्याला वर!"

मागच्या रांगेतल्या पोरांना काय, आयतीच करमणूक. एकाने शिट्टी मारली. दुसरा म्हणाला, "आज्जी, पाणबुडीचं तिकीट काढून देऊ का?"

रामरावांनी बायकोचा दंड धरून तिला खाली ओढलं. "बस बिलकुल गप. लोक हासून राह्यले. पिच्चर हाय ते."

"मला बी कळतंय पिच्चर हाय म्हून."

पिक्चर साधनाने, त्यांच्या मुलीने, निवडला होता. उन्हाचा कहर, आई-वडील घनसावंगीहून आलेले, म्हटलं चला, घटकाभर थंड हवेत बसतील. पाणबुडीतली शास्त्रज्ञ बाई समुद्राच्या तळाशी जाते आणि तिथे तिला परग्रहावरचे जीव भेटतात, एवढीच गोष्ट. पण असले जीव दाखवणाऱ्याला काही अक्कल नको? एवढीशी अंगं, मोठाली डोकी, मिटलेल्या मुठी. थेट बाळंतिणीच्या कुशीतली पोरं. त्यातलं एक काचेला चिकटून राहिलं होतं, आणि बाई पाणबुडी वर घेऊन निघाली होती.

"आंगावर फडकं बी न्हाई त्याच्या," दुर्गाबाई म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "एवढ्या गार पाण्यात. आपलं बी असंच आसंल का हो?"

"तो विषय न्हाई काढायचा."

"कोणता विषय?" साधना दोघांकडे बघायला लागली. "आई, काय म्हणून राह्यलीस तू?"

कोण सांगणार तिला? तिच्याआधी या घरात एक मुलगा झाला होता, बारशाआधीच गेला. एवढ्या लहानाला जाळत नाहीत, पुरतात, आणि पुरायला बाईने जायचं नसतं. बाप घेऊन गेला आणि रिकाम्या हाताने परत आला. पुढे गाव धरणात गेलं, तेव्हा रामरावांनी दारं, खांब, देव, सगळं ट्रॅक्टरवर चढवलं. "आन् ते?" तिने विचारलं होतं. "पुरलेलं उकरत न्हाईत," म्हणाले, आणि ट्रॅक्टर सुरू केला. आपलं लेकरू मातीत कसं ठेवलं, हे त्या माउलीला आजवर माहीत नव्हतं. विचारायची सोयच नव्हती ना!

आज मात्र तिने नवऱ्याचा हात धरला, तो सोडला नाही.

"सांगा मला. पाया पडते तुमच्या. उघडंच ठिवलं का त्याला?"

पडद्यावर काचेवरून ते पोर निसटलं आणि खाली अंधारात बारीक होत गेलं. रामराव तिकडेच बघत होते.

"फेट्यात गुंडाळलं व्हतं," ते म्हणाले.

"कोणत्या?"

"लग्नातल्या. सुती व्हता गं. पाण्यात कितीक टिकला आसंल?"