गोल झाल्यावरची माफी

ओढ्यापलीकडच्या क्लबविरुद्ध नेल्सनच्या लाडक्या क्लबच्या फाउस्तोने गोल मारला आणि नेल्सन टीव्हीसमोर उडी मारून उठला. पण मैदानात फाउस्तो नाचलाच नाही. त्याने दोन्ही हात वर केले आणि मान खाली घालून पलीकडच्यांच्या प्रेक्षकांची माफी मागितली.

"रुसलाय तो," नेल्सन म्हणाला. "कोच त्याला कडेला नुसता पळवतो. मधे खेळवा म्हणावं, मग बघा."

"दाजी, कडेला काय नि मधे काय, वर्षभर गोलाचा पत्ता नव्हता," मेहुणा वाल्तेर किटलीतून कडू माते-चहा ओतत म्हणाला. "तुम्ही मात्र पोराला नाव देऊन बसलात त्याचं."

"अरे, एकट्याने किती ओढायचं त्याने? सगळ्यांना सगळं त्याच्याकडूनच हवं."

कोपऱ्यात नेल्सनची बायको रोसिना छोट्या फाउस्तोला पाजत बसली होती. "पण गोल करून असे हात आपल्या जुन्या क्लबपुढे वर करतात ना?" तिने विचारलं. "खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून."

"त्यांचं मीठ त्याने कधी खाल्लंय? सहा वर्षांचा होता तेव्हापासून आपल्याकडेच आहे तो."

"खाल्लं नाही," रोसिना हळूच म्हणाली. "खायचंय."

वाल्तेरच्या हातातली किटली तशीच राहिली. पोट भरलेलं लेकरू बापाकडे बघून हसलं, तसं नेल्सनने त्याला उचलून घेतलं. हाक मारायला तोंड उघडलं, जरासा थांबला, आणि नुसतंच "बाळा" म्हणाला.