माइकची पाठ

“मंगळवार नव्हता तो. बुधवार,” आई म्हणाली.

बाबा अडखळले. लेकीने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. सकाळपासूनची ही सहावी दुरुस्ती. बाबांच्या घशाचं ऑपरेशन चार दिवसांवर आलं होतं आणि नंतर आवाज असाच राहील, याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती. म्हणून तर स्टुडिओत नोकरी करणारी लेक माइक घेऊन घरी आली होती. बाबांच्या आठवणी बाबांच्याच आवाजात साठवायच्या होत्या.

“आई, तू माइकच्या मागे बस बघू. हा समोरचंच ऐकतो. पाठीमागे वाट्टेल ते बोल, त्याला जवळजवळ ऐकूच जात नाही.”

“असा कान मला हवा होता,” बाबा म्हणाले.

आईने माइकमागे खुर्ची ओढली, बाबांच्या बरोब्बर समोर बसली आणि मनसोक्त बोलू लागली.

दुपारी लेकीने ऐकून पाहिलं. बाबांचा आवाज लख्ख आला होता. पण ते मध्येच हसत होते, कशाला ते कळत नव्हतं. “हो, हो, बुधवार,” म्हणत होते, कुणाला ते कळत नव्हतं. भरल्या घरात माणूस एकटाच बोलत बसलाय, असं वाटत होतं. संध्याकाळी बसताना तिने माइकचं बटण इंग्रजी आठाच्या खुणेवर फिरवलं. आता पुढचं आणि मागचं दोन्ही सारखंच येणार होतं. ती बोलली मात्र काही नाही.

बाबा दुकानाच्या दिवसांवर आले.

“तीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. हार खाल्ली ती एकाच घड्याळापुढे. हिच्या मनगटावरच्या. लग्नाआधी दर आठवड्याला बंद पडायचं, ही दुकानात घेऊन यायची. उघडून बघावं तर दोष सापडेल तर शपथ. मुळात घड्याळच भिकार.”

“अहो, माझ्या वडिलांनी दिलेलं होतं ते. त्याला नावं ठेवायची नाहीत.” आई खुर्चीत ताठ झाली. “उत्तम चालायचं. तुमच्या दुकानाच्या अलीकडच्या वळणावर मीच त्याची किल्ली बाहेर ओढून ते बंद पाडायचे.”

चाळीस वर्षांत हे घरात कुणी ऐकलं नव्हतं.

“आई,” लेक हळूच म्हणाली, “माइकची मागची बाजू चालू आहे.”

आईचे कान लालबुंद झाले. “पुसून टाक. आधी ते पुसून टाक.”

“काही पुसायचं नाही,” म्हणत बाबा माइकच्या आणखी जवळ सरकले, घसा साफ केला आणि एकेक शब्द नीट उच्चारत म्हणाले, “ओढलेली किल्ली मला पहिल्याच दिवशी दिसली होती. तरी सांगितलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखवायला आणा.”