बसंतकौरचा रुमाला

बसंतकौर गेल्याचं दवाखान्यातून कळलं, त्या दिवशी तिच्या शिलाई मशीनवर रुमाला अर्धा शिवून पडला होता. ग्रंथसाहिबांवर घालायच्या त्या वस्त्राची उरलेली किनार तिच्या नवऱ्याने, केहरसिंगने, वाकडीतिकडी का होईना, हाताने पुरी केली आणि तो गुरुद्वारात गेला.

तिथल्या कारभारावरून जुन्या आणि नव्या कमिटीचा खटला चालू होता. दारातच जुन्या कमिटीचे प्रधान, म्हणजे अध्यक्ष, म्हणाले, "चाचाजी, आमच्या हातून चढवा."

"खबरदार!" नव्या कमिटीचे प्रधान ओरडले. "उद्या हे कोर्टात सांगतील, कारभार आमचाच म्हणून. चढवायचा तर आमच्या हातून."

"मग मीच चढवतो," केहरसिंग म्हणाला.

"निकाल लागेपर्यंत नवी वस्तू आत न्यायची नाही," जुने प्रधान म्हणाले आणि नव्यांनी मान डोलावली. खटला सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

केहरसिंगचा आवाज चढला. "जन्मभर तिने इथल्या लंगरात रोट्या लाटल्या. त्या गिळताना कमिटी विचारली होतीत का? गुरूचं घर आहे हे, तुमच्या बापाचं नाही!"

कुणीही बाजूला सरलं नाही.

कोर्टाची पुढची तारीख बैसाखीनंतरची आहे. रुमाला अजून चढलेला नाही.